नोंदी परत कशा मिळतील, ते आधी विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

एकच पत्र दोन मंत्र्यांना लिहिते आहे, कारण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रुग्णांच्या जुन्या संगणकीय नोंदी तुमच्या दोन खात्यांच्या मधल्या बोळात पडून आहेत. चंद्रपुरात 2015 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा सामान्य रुग्णालय त्याला जोडले गेले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर झाले आणि तिथेही रुग्णालय एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची तीच वाट सुरू झाली. अशा हस्तांतरात खाटा मोजतात, यंत्रांची यादी होते, औषधसाठा जुळवतात, कर्मचाऱ्यांची पदे वर्ग होतात. जुन्या सर्व्हरवर कोणाकोणाची कोणती माहिती आहे, ती कोणत्या प्रणालीत आहे, तिचा पासवर्ड कोणाकडे आहे, याची यादी मात्र मी या भागातल्या नोकरीच्या काळात कोणाला करताना पाहिली नाही.

आज ना उद्या या नोंदी सांभाळण्याचे काम कोणत्या तरी पुरवठादाराला द्यावे लागेल. जुन्या प्रणाली बंद पडत आहेत, नव्या येत आहेत, आणि जुन्यातले सगळे नव्यात ओतणे शक्यही नसते, गरजेचेही नसते. जे ओतले जात नाही ते वाचता येईल अशा रूपात वेगळे जपून ठेवायचे असते. त्या कामाची निविदा निघण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी लिहिते आहे.

जुन्या नोंदी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण मुंबईत बसून त्याचा अंदाज येत नाही. इथे एका रुग्णाची माहिती एका जागी नसते. ओपीडीची चिठ्ठी एका प्रणालीत, प्रयोगशाळेचा रिपोर्ट दुसऱ्या, क्षयरोगाची नोंद 2012 पासून निक्षयवर, गरोदरपण आणि बाळंतपण आरसीएच पोर्टलवर, सिकलसेलची तपासणी एखाद्या एक्सेलच्या फायलीत, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या संगणकात. त्या यंत्राची देखभाल संपली की त्यातल्या प्रतिमाही त्याच्याबरोबर भंगारात जातात. रुग्णाकडे उरते ती एक पन्नी: घडी पडून फाटलेली चिठ्ठी, शाई उडालेला डिस्चार्ज कार्डाचा कागद, कधी एक एक्स-रे. लाहेरी किंवा कोठीकडचा माणूस भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातून अहेरीला, तिथून गडचिरोलीला आणि मग चंद्रपूर किंवा नागपूरला जातो. त्या सगळ्या प्रवासात त्याचा इतिहास सांगणारी ती पन्नी एवढीच त्याच्या हातात असते. डॉक्टर विचारतात, आधी काय झाले होते? त्याला माडिया येते, डॉक्टरांना येत नाही. अशा वेळी जुनी नोंद उघडली तर जीव वाचू शकतो.

हे वाढवून सांगत नाही. सिकलसेलचे उदाहरण घ्या. हा आजार आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी माहीत आहे. म्हणूनच हिमोग्लोबिनच्या आजारांवरचे संशोधन, उपचार आणि नियंत्रण यांसाठीचे केंद्र चंद्रपूरला झाले आणि 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. सिकलसेलच्या काही मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. दिलेल्या रक्ताविरुद्ध काहींच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या इतक्या कमी होतात की रक्तपेढीच्या तपासणीत दिसतच नाहीत. क्रॉसमॅच जुळते, रक्त चढते, आणि आठवडाभरात शरीराची जुनी आठवण जागी होऊन ते रक्त फुटू लागते. मूल पिवळे पडते, लघवी काळी होते, हिमोग्लोबिन आधीपेक्षाही खाली जाते. सिकलसेलच्या नेहमीच्या दुखण्याचा झटका समजून कोणी पुन्हा रक्त चढवले तर काय होईल, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. हा प्रसंग टाळण्याचा एकच भरवशाचा मार्ग असतो: सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या रुग्णालयात सापडलेल्या त्या अँटिबॉडीची नोंद. आजची कोणतीही तपासणी तिची जागा घेऊ शकत नाही. ती नोंद हरवली तर ती माहिती जगातून गेली.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहेत. म्हणजे प्रमाणपत्रासाठी पुन्हा जुनाच रिपोर्ट लागतो. कोळसा खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या फुप्फुसात धूळ किती वर्षांपूर्वीपासून साचत होती, हे सांगायला जुना एक्स-रे लागतो. वाघाच्या किंवा अस्वलाच्या हल्ल्यात हात-पाय गेलेल्या माणसाला वनखात्याकडून भरपाई मिळते ती वैद्यकीय कागदांवर. कुष्ठरोगाचे जंतू शरीरात गेल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. आणि ज्या वरोऱ्यात बाबा आमटेंचे आनंदवन उभे राहिले तिथल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. जंगलातल्या जिल्ह्याचे आजार लांब पल्ल्याचे असतात आणि नोंदीही तितक्याच लांब पल्ल्याच्या लागतात.

नोंद नीट ठेवली तर काय होते, तेही इथल्याच मातीत दिसले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि शेजारच्या 47 गावांशी त्याची तुलना केली. तो 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यातून सिद्ध झाले आणि पुढे 2011 पासून देशभरच्या आशाताई तेच काम करू लागल्या. या सगळ्याचा पाया काय होता? गावातल्या बायकांनी प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची केलेली नोंद. बाळाचे वजन किती, श्वास किती, दूध ओढले की नाही. त्या नोंदी पुन्हा काढून तपासता आल्या नसत्या तर जगाने विश्वास ठेवला नसता. सरकारी दवाखान्यातल्या नोंदींत असे किती ज्ञान अडकले असेल!

आता आपल्या खात्यांच्याच अनुभवाकडे येते. 2022 च्या जुलै महिन्यात राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही संगणक प्रणाली बंद पडली. दहा वर्षांहून जास्त काळ ती एका खाजगी कंपनीमार्फत चालत होती. कंपनीबरोबरच्या कराराचा प्रश्न सुटला नाही आणि एके दिवशी खिडकीवरचे संगणक गप्प झाले. नागपूरच्या मेडिकलमध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पुन्हा हाताने केस पेपर लिहायला सुरुवात झाली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-हॉस्पिटल प्रणाली आली आणि रांगा पुन्हा संगणकाकडे वळल्या. पण नवी प्रणाली आली म्हणजे जुन्या माहितीचा प्रश्न मिटला असे होत नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतला गंभीर रुग्ण शेवटी नागपूरच्या मेडिकलमध्येच जातो. त्याच्या दहा वर्षांच्या तपासण्या, शस्त्रक्रिया, रक्त दिल्याच्या नोंदी त्या बंद पडद्याआड होत्या.

त्या प्रसंगातला दोष कोणाचा, या वादात मला जायचे नाही. मला दिसते ते असे की करार करताना प्रणाली कशी चालू करायची याची पानेच्या पाने लिहिली जातात आणि ती संपताना काय करायचे यावर एखादे मोघम कलम असते. माझे सगळे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर पुरवठादार निवडताना तो नोंदी कशा ठेवेल याआधी तो त्या परत कशा देईल हे विचारा. त्याचे उत्तर कागदावर घेऊन थांबू नका, ते करून दाखवायला लावा.

करून दाखवणे म्हणजे असे. निविदेत उतरलेल्या प्रत्येक पुरवठादाराला खऱ्या नोंदींचा एक छोटा संच द्यावा. नावे बदलून दिला तरी चालेल, पण त्याची गुंतागुंत खरी हवी. हा संच कंपनीने निवडू नये, रेकॉर्ड रूममधल्या जुन्या कर्मचाऱ्यांनी निवडावा, कारण सर्वांत अवघड कागद कोणते हे त्यांनाच माहीत असते. कंपनीने तो आपल्या प्रणालीत घ्यावा, आणि मग तो सगळा बाहेर काढून एका डिस्कवर द्यावा. ती डिस्क दुसऱ्याच कोणी, त्या कंपनीचे कोणतेही सॉफ्टवेअर न वापरता उघडावी. मजकूर वाचता येतो का? रिपोर्टाबरोबर त्याची तारीख, तपासणीची पद्धत, डॉक्टरांचे नाव येते का? सीटी स्कॅनची प्रतिमा डायकॉम स्वरूपात पूर्ण निघते, की नुसता फोटो हातात येतो? कोणी कधी काय बदलले, याचा माग शिल्लक आहे का? जी कंपनी या परीक्षेत नापास होईल तिचा दर कितीही कमी असो, तिचे पाकीट उघडूच नये.

पीडीएफच्या बाबतीत विशेष सावध राहावे. सगळ्या नोंदींच्या पीडीएफ करून देतो, असे सांगणारे अनेक भेटतील, आणि ते स्वस्तही असते. न्यायालयात किंवा रुग्णाच्या हातात द्यायला पीडीएफ हवीच. पण दोन तालुक्यांतल्या किती मुलींना पंधराव्या वर्षी हिमोग्लोबिन सातच्या खाली होते, असे विचारले तर पीडीएफच्या ढिगाऱ्यातून उत्तर निघत नाही. त्यासाठी आकडे आकडे म्हणूनच, ठरलेल्या रचनेत राहिले पाहिजेत. केंद्र सरकारने 2013 मध्ये संगणकीय आरोग्य नोंदींची मानके ठरवली आणि 2016 मध्ये ती सुधारली. रचना कोणती ठेवावी, आजारांचे संकेतांक कोणते, हे सगळे त्यात आहे. नोंद रुग्णाच्या हयातीत कधीही नष्ट करू नये, असेही त्यात म्हटले आहे. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीत तीन वर्षे सांगितली आहेत, त्यामुळे अनेक कार्यालयांत तीन वर्षांचाच हिशेब चालतो. सिकलसेलच्या मुलासाठी तीन वर्षे म्हणजे काहीच नाहीत. निविदेत हयातभराची अट घालावी, एवढी विनंती आहे.

आता नावांबद्दल. परगावच्या कंपनीला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण इथे सगळे काम यावर अडते. आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे चार-पाच आत्राम, मडावी, पुंगाटी असतात. आत्राम हे आडनाव इंग्रजीत एका ऑपरेटरने एक ‘ए’ लावून लिहिले, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने ‘टी’पुढे ‘एच’ घातला. लग्नानंतर बाईचे नाव बदलले. जन्मतारीख माहीत नाही म्हणून किती तरी जणांची 1 जानेवारी लावलेली. वय प्रत्येक भेटीत अंदाजाने. छत्तीसगडच्या सीमेपलीकडून हेमलकशाला किंवा भामरागडला येणारे रुग्ण तर कोणत्याच यादीत नीट बसत नाहीत. आरोग्य ओळखीचा चौदा आकडी आभा क्रमांक आता आला, जुन्या नोंदींना तो नाही. मग संगणक दोन वेगळ्या माणसांना एक करतो किंवा एकाच माणसाचे तीन तुकडे करतो. पहिली चूक जास्त घातक, कारण त्यात एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून जुळवाजुळव संगणकाने सुचवावी आणि माणसाने मान्य करावी, आणि तो माणूस इथला असावा. आशा आणि एएनएम यांना गाव, टोला, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव सांगितले की त्या माणूस ओळखतात. त्यांच्या या कामाचे मानधन निविदेच्या खर्चात धरलेले असावे.

याला जोडून आणखी एक अडचण. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कार्यालयांत मराठी मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप होत असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे, अर्धचंद्र यांत ती चुकतात, आणि गावांची व माणसांची नावे तिथेच बिघडतात. एखादी चकाचक कंपनी हा सगळा मजकूर खराब डेटा म्हणून वगळून टाकेल आणि अहवालात काम पूर्ण झाल्याचे लिहील. म्हणून काय वगळले आणि का, याची यादी दिल्याशिवाय काम पूर्ण मानू नये, आणि मूळ फायली जशाच्या तशाही जपाव्यात.

साठवण कुठे असावी, यावर माझे मत ठाम आहे. क्लाउडवर ठेवा, हरकत नाही, मान्यताप्राप्त आणि भारतातल्या क्लाउडवर ठेवा. पण एक वाचता येणारी प्रत जिल्ह्यात हवीच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते. रस्ता जातो, मग वीज जाते, मग नेटवर्क. नेमक्या त्याच दिवसांत मलेरियाचा ताप, सर्पदंश, अडलेली बाळंतीण दारात येते. त्या रात्री ड्युटीवरच्या सिस्टरला नेटशिवाय जुनी नोंद बघता आली पाहिजे. पुरवठादाराची परीक्षा घेताना वातानुकूलित सभागृहात त्यांच्याच माणसाने केलेले सादरीकरण बघू नका. अहेरी किंवा सिरोंच्याच्या रुग्णालयात, नेटवर्क बंद करून, तिथल्याच सिस्टरच्या हातात द्या आणि बघा.

सुरक्षिततेबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले एक मोठे रुग्णालय अनेक दिवस कागदावर आले. तेव्हा तीन प्रती, त्यांतली एक मुख्य जाळ्यापासून पूर्ण तुटलेली, हा नियम पाळावाच लागेल. आणि कायद्याची बाजू आपल्या अधिकाऱ्यांनी नीट समजून घ्यावी: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती गोळा करणारी संस्था तिच्यासाठी जबाबदार राहते, काम दुसऱ्या कंपनीला दिले म्हणून ती जबाबदारी उतरत नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. माणसांचे आजार हे गावात जपून ठेवायचे असतात. सिकलसेलमुळे मुलींची लग्ने मोडतात. एचआयव्हीची, कुष्ठरोगाची, गर्भपाताची नोंद फुटली तर त्या घराचे काय होईल, याची कल्पना कंपनीच्या कंत्राटी ऑपरेटरला नसते. कोण कोणती नोंद उघडू शकतो, हे रुग्णालयाने ठरवावे आणि उघडणाऱ्याचे नाव दरवेळी नोंदले जावे. करार संपताच आपल्याकडची प्रत नष्ट केल्याचे कंपनीने लेखी द्यावे, आणि तिने पोटकंत्राट दिले असेल तर ते घेणाऱ्यांनीही.

राहिला पैशाचा प्रश्न. आपल्याकडे एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, हा एक सुरक्षित आडोसा झाला आहे. चौकशी लागली तर अधिकारी दर दाखवून मोकळे होतात. खुर्च्या घेताना ते ठीक आहे, नोंदी सांभाळण्याच्या सेवेसाठी नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांमध्ये अशा सेवांसाठी गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची वाट खुली केली. राज्यानेही ती वापरावी. दर लावताना पहिल्या वर्षाचा बघू नका. दहा वर्षांची साठवण, अधूनमधून नव्या स्वरूपात रूपांतर, आणि शेवटी सगळे परत देण्याचा खर्च, असा एकच एकत्रित दर मागवा. परत देण्याचा खर्च आज शून्य दाखवणारी कंपनी दहा वर्षांनी तोच खर्च तुमच्यासमोर मोठा करून ठेवेल. देयकाचा मोठा हिस्सा परतीची चाचणी यशस्वी होईपर्यंत रोखून ठेवावा आणि ही चाचणी दरवर्षी व्हावी. त्याच वेळी खात्याकडूनही देयके वेळेवर जावीत. ज्याला वर्षभर पैसे दिले नाहीत, त्याच्याकडून प्रामाणिक सेवेची अपेक्षा धरणे योग्य नाही. वाद झाला तरी रुग्णाची माहिती अडवून धरता येणार नाही, असे कलम करारात ठळक लिहा.

निवड समितीत माहिती तंत्रज्ञानाचे आणि वित्त विभागाचे अधिकारी असतीलच. त्यांत रक्तपेढीचे डॉक्टर, रेकॉर्ड रूममधले लिपिक, एक अनुभवी सिस्टर, एक एएनएम आणि सिकलसेल रुग्णाच्या घरातले एक माणूस असावे. शेवटचे नाव वाचून कोणाला आश्चर्य वाटेल. पण ही माहिती त्या घराची आहे. शासन आणि कंपनी फक्त सांभाळणारे.

महोदय, पैसा, मनुष्यबळ आणि मोठी निविदा यांना वेळ लागेल, हे मला कळते. म्हणून आज काहीही खर्च न करता होण्यासारखे एक काम सांगते. चंद्रपूरच्या 15 आणि गडचिरोलीच्या 12 तालुक्यांतल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कोणती जुनी प्रणाली आहे, तिच्यात कोणत्या वर्षांच्या नोंदी आहेत, सर्व्हर कुठे आहे, तो चालू होतो का आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, याची यादी तुमच्या दोन्ही खात्यांनी मिळून करावी. ती यादी पूर्ण होईपर्यंत एकही जुना संगणक, एकही हार्ड डिस्क निर्लेखित करून भंगारात देऊ नये, असा आदेश दोन्ही खात्यांच्या सहीने काढावा. पावसाळ्याआधी तो निघाला तर बरे होईल.

आपली,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी